तांब्याच्या पत्र्यावरची खूण : जुन्या टपाल तिकिटाची किंमत ठरते कशी?



जुनी पेढी मोडली, वाटण्या झाल्या किंवा दुकानाची दुरुस्ती निघाली की माळ्यावरचे गठ्ठे खाली येतात. आजोबा-पणजोबांच्या वह्या, हुंड्या, बिलट्या आणि दोरीने बांधलेली पत्रे. रद्दीवाला तराजू लावतो आणि किलोच्या भावाने सारे घेऊन जातो. घरातला एखादा मुलगा त्याआधी पाकिटांवरची तिकिटे कापून वहीत चिकटवतो. आम्हीही लहानपणी हेच केले आहे. पाकीट वाफेवर धरायचे, तिकीट सोडवायचे आणि पाकीट चुलीत घालायचे. त्यात काय गेले हे आज सांगता येत नाही, कारण पाहायला काही उरलेलेच नाही.

अशी तिकिटे हाती आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "तिकीट फार जुने आहे, किती येतील?" आमचे उत्तर असे की नुसत्या जुनेपणाला बाजारात भाव नाही. भाव असतो तो तिकीट कोणत्या प्लेटवरून, प्लेटच्या कोणत्या जागेवरून आणि प्लेट किती झिजलेली असताना निघाले, याच्या पुराव्याला. हा पुरावा तिकिटावरच असतो, पण तो वाचता आला पाहिजे. तो कसा वाचतात ते आज आपण पाहू. उदाहरण घेऊ मॉरिशसचे. या बेटाचे आणि मुंबईचे व्यापारी नाते जुने आहे. कच्छचे मेमन आणि सुरतेकडचे व्यापारी तिथल्या पोर्ट लुईस बंदरात दुकाने थाटून बसले, आणि उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज आजही तिथे राहतात.

जुने म्हणजे दुर्मीळ नव्हे

जगातले पहिले चिकटवायचे टपाल तिकीट इंग्लंडचे. एक पेनीचे काळे तिकीट, म्हणजेच 'पेनी ब्लॅक', ६ मे १८४० पासून चालू झाले. लंडनच्या पर्किन्स, बेकन अँड पेच या छापखान्याने ते पोलादी प्लेटवरून छापले. राणी व्हिक्टोरियाचे मस्तक पोलादाच्या एका ठशावर एकदाच कोरायचे, त्या ठशावरून पोलादी रूळ तयार करायचा आणि तो रूळ प्लेटवर दाबून तोच ठसा २४० वेळा उमटवायचा, अशी ती रीत. आडव्या ओळीत १२ तिकिटे आणि अशा २० ओळी. बारा पेन्सचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड असल्यामुळे एक ओळ शिलिंगाची आणि अख्खा कागद पौंडाचा. पोस्टमास्तरचा हिशोब सोपा झाला.

पण एक काम हाताचे राहिले. प्रत्येक तिकिटाच्या खालच्या दोन कोपऱ्यांत दोन इंग्रजी अक्षरे असत. पहिले तिकीट ए-ए, शेजारचे ए-बी, असे करत शेवटचे टी-एल. ही अक्षरे कारागीर पंचने एकेक ठोकत असे. हात म्हटला की अक्षर कुठे किंचित वर जाते, कुठे तिरके बसते, कुठे दोनदा उमटते. पेनी ब्लॅकच्या अकरा प्लेटा झाल्या, पण तिकिटावर प्लेटचा नंबर नव्हता. तो कागदाच्या कोऱ्या कडेवर असे आणि कड फाडून टाकली जाई. तरीही आज जाणकार एक सुटे तिकीट भिंगाखाली धरून ते कोणत्या प्लेटचे हे सांगतो. तो वाचतो ती ठोकलेल्या अक्षरांची जागा.

पेनी ब्लॅकची छपाई ६ कोटी ८० लाखांच्या वर झाली होती. म्हणून जगातले पहिले तिकीट असूनही ते दुर्मीळ नाही. बऱ्या स्थितीतले तिकीट आजही मिळते. मात्र अकराव्या प्लेटवरून काळी छपाई फार थोडी झाली, त्यामुळे तिथे भाव एकदम चढतो. माल एकच आणि वर्षही जवळपास तेच, पण प्लेट बदलली की किंमत बदलते.

पोर्ट लुईसचा कोरणारा

आता मॉरिशसकडे येऊ. १८४७ साली तिथल्या इंग्रज सरकारला स्वतःची तिकिटे हवी झाली. लंडनसारखी यंत्रे बेटावर नव्हती. काम मिळाले जोसेफ ऑस्मंड बर्नार्ड या माणसाला. तो मूळचा इंग्लंडमधल्या पोर्टस्मथचा, लहान चित्रे काढणारा आणि धातूवर कोरणारा. तळहातात मावेल अशा तांब्याच्या एका लहान पत्र्यावर त्याने दोन तिकिटे कोरली, एक पेनीचे आणि दोन पेन्सचे. प्रत्येकी एकच!

शिक्के आणि मोहरा कोरणाऱ्या आपल्या कारागिरांना हे काम सांगायला नको. सारे काही उलटे कोरावे लागते, अक्षरे उजवीकडून डावीकडे. रेघ पत्र्यात खोल जाते, शाई त्या खाचेत भरतात, वरचा पत्रा फडक्याने पुसून काढतात आणि ओलसर कागद दाबून शाई उचलतात. एका दाबाला एकच तिकीट निघे. एक पेनीची ५०० नारिंगी-तांबडी आणि दोन पेन्सची ५०० निळी तिकिटे अशा रीतीने निघाली व २१ सप्टेंबर १८४७ रोजी विक्रीला आली. राणीच्या मानेखाली बर्नार्डने आपली 'जे. बी.' ही आद्याक्षरे बारीक कोरून ठेवली. गव्हर्नर गॉम यांच्या पत्नीने त्या महिनाअखेरच्या मेजवानीची निमंत्रणे पाठवली, त्यांतल्या काही पाकिटांवर ही तिकिटे लागली. त्या हजार तिकिटांपैकी आज जगात सुमारे २७ ठाऊक आहेत.

चूक होती की हुकूम होता?

या तिकिटांच्या डाव्या कडेला 'पोस्ट ऑफिस' असे शब्द आहेत. पुढच्या वर्षीच्या तिकिटांवर त्या जागी 'पोस्ट पेड', म्हणजे 'टपाल भरले', असे आले. यावरून एक किस्सा पसरला. बर्नार्ड म्हणे अर्धा आंधळा घड्याळजी होता. काय कोरायचे ते तो विसरला, विचारायला निघाला आणि वाटेत टपाल कचेरीची पाटी पाहून त्याने तेच शब्द कोरून टाकले! हा किस्सा पुस्तकांतून छापला गेला आणि अनेक वर्षे लोकांनी तो खरा मानला.

पण पुरावा निराळे सांगतो. मॉरिशसच्या टपालाचे जे शिक्के १८४७ पूर्वी वापरात होते, त्यांवरही 'पोस्ट ऑफिस' हेच शब्द होते. अमेरिकेतल्या काही गावांच्या पोस्टमास्तरांनी त्याआधी काढलेल्या तिकिटांवरही ते आढळतात. शिवाय हजार तिकिटे छापून, तपासून, विक्रीला जाईपर्यंत एकाही अधिकाऱ्याला चूक दिसली नाही, हे पटण्यासारखे नाही. म्हणजे कारागिराने सांगितले तेच कोरले होते. तरीही दीर्घकाळ चुकीचा बोल लागला तो कारागिरालाच. बर्नार्ड १८६५ साली वारला. त्याच्या तिकिटांना संग्राहक तेव्हा नुकतेच कुठे शोधू लागले होते.

बारा घरे, बारा चेहरे

१८४८ च्या 'पोस्ट पेड' तिकिटांसाठी बर्नार्डने मोठे पत्रे घेतले. एका पत्र्यावर बारा तिकिटे, आडवी तीन आणि उभी चार. त्याच्याकडे रूळ नव्हता, म्हणून प्रत्येक तिकीट त्याला हाताने नव्याने कोरावे लागले. त्यामुळे बाराही तिकिटे एकमेकांपासून थोडी वेगळी झाली. कुठे नाक लांब, कुठे अक्षर दाटीचे, कुठे केसांची पट्टी खाली. दोन पेन्सच्या पत्र्यावर सातव्या घरात तर 'पेन्स' या शब्दातला इंग्रजी 'सी' असा कोरला गेला की तो 'ओ' दिसतो. ही चूक त्या एकाच घराची. म्हणून असे तिकीट हाती आले की ते सातव्या घराचे हे ताबडतोब कळते.

बाकीची घरे कशी ओळखायची? अख्खा कागद समोर नसेल तर हे कोडेच असते. ते सुटते जोडीवरून. दोन तिकिटे एकमेकांना चिकटलेली मिळाली की कोण कोणाच्या शेजारी हे पक्के होते. दुसऱ्या जोडीत त्यांतलेच एक तिकीट तिसऱ्याशेजारी दिसते. असे दुव्याला दुवा जोडत पूर्ण पत्रा कागदावर उभा करतात. म्हणूनच अशा तिकिटांच्या बाजारात एका जोडीची किंमत दोन सुट्यांच्या बेरजेपेक्षा बरीच जास्त असते. जोडी फाडणारा तिकिटाबरोबर पुरावाही फाडतो.

दुसरे कोडे झिजेचे. तांबे मऊ असते. शाई भरणे, पुसणे आणि दाबणे हे हजारो वेळा झाले की बारीक रेघा आधी पुसट होतात, मग नाहीशा होतात. मॉरिशसचे हे पत्रे सुमारे दहा वर्षे राबवले गेले. पहिल्या छापांत राणीमागच्या बारीक रेघांची जाळी स्वच्छ दिसते. शेवटच्या छापांत चेहरा जवळजवळ पांढरा पडलेला असतो. जाणकार या छापांना पहिल्या, आरंभीच्या, मधल्या, झिजलेल्या आणि शेवटच्या अशा पायऱ्या लावतात. पहिल्या पायरीचे तिकीट सर्वांत महाग आणि झिजलेले त्यामानाने स्वस्त. आपल्या कापडछपाईच्या लाकडी ठशांचेही असेच असते : नव्या ठशाची बुट्टी आणि घासलेल्या ठशाची बुट्टी जाणकाराच्या नजरेला लगेच वेगळी कळते.

पुढे १८५९ साली रॉबर्ट शेरविन या कोरणाऱ्याने दोन पेन्सचा तो झिजलेला पत्रा घेतला आणि त्यावर नव्याने खोल रेघा मारल्या. राणीच्या केसांवरची पट्टी रुंद झाली, चेहरा बदलला. वरवर पाहणाऱ्याला हे वेगळेच तिकीट वाटते, पण पत्रा बर्नार्डचाच. नव्या रंगाखाली जुने लाकूड असावे, तसा हा प्रकार.

ही तिकिटे सापडली कुठे?

आता व्यापाऱ्यांच्या कामाची गोष्ट. ही अमोल तिकिटे कोणा राजाच्या खजिन्यात सापडली नाहीत. १८६४ च्या सुमारास फ्रान्समधल्या बोर्दो शहरात एका व्यापाऱ्याच्या पत्नीला, मादाम बोर्शार यांना, पतीच्या जुन्या पत्रव्यवहारात ही तिकिटे आढळली. त्यांनी ती इतर संग्राहकांशी अदलाबदलीत देऊन टाकली. मॉरिशसहून बोर्दोच्या दारूच्या व्यापाऱ्यांना गेलेल्या एका पत्रावर तर एक पेनी आणि दोन पेन्स ही दोन्ही तिकिटे एकत्र आहेत. ते पाकीट १९९३ साली झुरिकच्या लिलावात सुमारे ४० लाख अमेरिकी डॉलरना गेले.

दुसरे पत्र थेट मुंबईचे. ४ जानेवारी १८५० रोजी मॉरिशसहून मुंबईतल्या बायबल सोसायटीच्या सेक्रेटरीच्या नावे ते निघाले. त्यावर १८४७ ची एक पेनीची दोन तिकिटे आहेत. म्हणजे सव्वादोन वर्षे ती कोणाच्या तरी टेबलात पडून होती. १८९० च्या दशकात हे पाकीट हिंदुस्थानातल्या एका बाजारात विकायला आले आणि एका इंग्रजाने ते पन्नास पौंडांना घेतले. १९६८ साली न्यू यॉर्कच्या लिलावात त्याच पाकिटाला ३ लाख ८० हजार डॉलर मिळाले.

लक्षात घ्या, या किमती सुट्या तिकिटांच्या नाहीत, अख्ख्या पाकिटांच्या आहेत. पाकिटावर पत्ता असतो, गावांचे शिक्के असतात, तारीख असते. तिकीट कुठून कधी निघाले आणि कुठे पोहोचले याची ती साक्ष असते. कात्री चालली की साक्षीदार गेला. १९९३ सालीच मॉरिशसमधल्या एका बँकेच्या पुढाकाराने तिथल्या मंडळींनी यांतली दोन तिकिटे विकत घेऊन मायदेशी नेली. पोर्ट लुईसच्या 'ब्लू पेनी म्युझियम'मध्ये ती ठेवली आहेत. प्रकाशाने रंग उडू नये म्हणून अस्सल तिकिटांवरचा दिवा थोडाच वेळ लावतात, एरवी नकला दाखवतात.

कलकत्त्याचा मनिरुद्दीन

आपल्या देशातही असे कारागीर झाले. सगळ्या हिंदुस्थानासाठी कंपनी सरकारची तिकिटे १ ऑक्टोबर १८५४ पासून चालू झाली. अर्ध्या आण्याचे, एक आण्याचे आणि चार आण्यांचे तिकीट कलकत्त्याच्या सर्व्हे ऑफिसात कॅप्टन थुइलियर यांच्या देखरेखीखाली शिळाछापावर निघाले. त्यासाठीचा मूळ ठसा कोरणारा होता मनिरुद्दीन नावाचा कारागीर. त्याचे नाव इंग्रजी लिखाणात निरनिराळ्या प्रकारे लिहिलेले आढळते. साहेबाचे नाव बिनचूक राहिले आणि कोरणाऱ्याचे स्पेलिंगसुद्धा ठरले नाही. बर्नार्डला निदान आपली आद्याक्षरे कोरता आली होती.

इथली रीतही समजून घ्या. धातूवरच्या मूळ ठशावरून शाईचे छाप खास कागदावर घ्यायचे, ते शिळेवर उतरवायचे आणि शिळेवरून छपाई करायची. अर्ध्या आण्याचे तिकीट आधी सिंदुरी रंगात छापले होते. त्याच्या कडेला साडेनऊ कमानी होत्या. विलायतेहून आलेला रंग संपला, इथला रंग शिळेला मानवेना, म्हणून ते तिकीट बाजूला ठेवावे लागले. मग आठ कमानींचा नवा ठसा करून निळ्या रंगात तिकिटे काढली. आजही जाणकार आधी कमानी मोजतो.

चार आण्यांचे तिकीट दोन रंगांत होते : चौकट तांबडी, मस्तक निळे. त्यासाठी कागद दोनदा छापावा लागे. काही कागद दुसऱ्या वेळी उलटे ठेवले गेले आणि चौकटीत राणीचे मस्तक खाली डोके वर पाय झाले. अशी तीसहून कमी तिकिटे आज माहीत आहेत आणि ती सारी वापरलेली आहेत. म्हणजे त्या काळी लोकांनी ती चुपचाप पत्रांवर लावली, टपालवाल्यांनी शिक्के मारले आणि कोणाच्या ध्यानातही आले नाही.

नकलेपासून सावध

जिथे खुणेला पैसा मिळतो तिथे खोटी खूण करणारेही येतात. इंग्लंडच्या एक पेनीच्या तांबड्या तिकिटांवर १८६४ पासून बाजूच्या नक्षीत प्लेटचा नंबर बारीक अक्षरांत असे. त्यांतली ७७ नंबरची प्लेट सदोष ठरवून बाद केली होती, तरी तिचे काही कागद बाहेर पडले. आज अशी तिकिटे जेमतेम दहाच्या आसपास आहेत. उलट १७७ नंबरची तिकिटे ढिगाने आहेत. तेव्हा लबाड मंडळी १७७ मधला एक खरवडतात आणि ७७ म्हणून विकतात. यावर उपाय प्लेट वाचण्याचाच. नंबर खरवडता येतो, पण त्या तिकिटाच्या चार कोपऱ्यांतल्या अक्षरांची जागा हलवता येत नाही. ती १७७ च्या प्लेटशी जुळली की चोरी उघडी पडते.

दुसरा सापळा याहून बारीक आहे. बर्नार्डचा १८४७ चा तो लहान पत्रा नष्ट झाला नव्हता. १९१२ साली त्यावरून नव्या छापी काढल्या गेल्या. पत्रा अस्सल, रेघा अस्सल, पण छाप १८४७ ची नव्हे. म्हणून केवळ पत्रा जुळणे पुरेसे नसते. कागद, शाई आणि टपालाचा शिक्का हेही त्याच काळाचे असावे लागतात.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, जुना पत्रव्यवहार रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उलगडून पाहा. विशेषतः १९०० च्या आधीची आणि परदेशी बंदरांतून आलेली पत्रे बाजूला काढा.

दुसरी, पाकिटावरून तिकीट कापू नका, भिजवू नका, वाफेवर धरू नका. जोड्या फाडू नका. डाग पुसू नका आणि शिक्काही पुसू नका. शिक्का म्हणजे घाण नव्हे, तो पुरावा आहे.

तिसरी, चिकटपट्टी आणि डिंक लांब ठेवा. कोरड्या जागी साध्या स्वच्छ कागदात पाकीट ठेवा.

चौथी, भिंग घेऊन स्वतः पाहायला शिका. कोपऱ्यातली अक्षरे, रेघांची झीज, एखादी जादा ठिपकी, जे दिसेल ते वहीत टिपून ठेवा. कोणी भाव सांगितला तर कोणती प्लेट आणि कोणत्या खुणेवरून, हे विचारा. ज्याला उत्तर देता येत नाही, त्याच्याकडून मोठ्या किमतीचे तिकीट घेऊ नका आणि त्याला घाईने विकूही नका.

पाचवी, किंमत खरोखर मोठी वाटली तर तज्ज्ञांचा लेखी दाखला घ्या. लंडनच्या रॉयल फिलॅटेलिक सोसायटीची तज्ज्ञ समिती अशा दाखल्यांसाठी जगभर मानली जाते. दाखल्याला खर्च येतो, म्हणून साध्या तिकिटासाठी त्या फंदात पडू नये.

आणि एक गोष्ट आमच्या कारागीर बंधूंसाठी. मऊ तांब्यावर हात जरा घसरला आणि 'सी'चा 'ओ' झाला, याची बर्नार्डला कदाचित लाज वाटली असेल. आज अस्सल मालाची ओळख पटते ती त्याच खुणेवरून. आपण केलेल्या कामावर आपले नाव, साल आणि खूण घालायला संकोचू नका. मनिरुद्दीनच्या नावाचे जे झाले ते तुमच्या नावाचे होऊ देऊ नका.